प्रतीक्षा यादी, परदेशातले ऑपरेशन आणि आपली वैद्यकीय बिले



'प्रतीक्षा यादी' म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आरटीईच्या २५ टक्के प्रवेशाची सोडत लागली, की शाळेच्या गेटपाशी पालक उभे असतात. "सर, आमचा नंबर वेटिंगला आहे, लागेल का हो?" आपण काय सांगणार? यादी पुढे सरकली तर लागेल. नाही लागला तर मूल दुसऱ्या शाळेत जाते, पालक थोडे हळहळतात, आणि जून उजाडतो.

पण हीच यादी दवाखान्यातली असेल तर? तुमच्या आईचा खुबा झिजलाय, रात्री कूस बदलताना ती कळवळते, आणि सरकारी दवाखाना सांगतो, तुमचा नंबर एक वर्षाने. शेजारच्या देशात मात्र तेच ऑपरेशन पुढच्या महिन्यात होते. तिथे जाऊन पैसे भरून करून घेतले, तर ते पैसे आपल्या सरकारकडून परत मागता येतील का?

हा प्रश्न काल्पनिक नाही. इंग्लंडमधल्या एका आजीबाईंनी तो खरोखर विचारला आणि युरोपातल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत नेला. ती गोष्ट आज सविस्तर सांगतो. आपल्यापैकी ज्यांनी कधी वैद्यकीय प्रतिपूर्तीचा प्रस्ताव सादर केलाय, त्यांना ती फार परकी वाटणार नाही.

बाईंचे नाव यव्होन वॉट्स, राहणार बेडफर्ड. दोन्ही खुब्यांना संधिवात. इंग्लंडमध्ये १९४८ पासून 'नॅशनल हेल्थ सर्व्हिस' म्हणजे एनएचएस आहे. उपचार मोफत, खर्च करातून. व्यवस्था चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नको. पण जिथे उपचार मोफत असतात तिथे गर्दी पैशाने थांबत नाही, रांगेने थांबते. ऑक्टोबर २००२ मध्ये तज्ज्ञ डॉक्टरांनी वॉट्सबाईंना तपासले आणि आरोग्य कार्यालयाला कळवले, की यांना सतत वेदना आहेत, चालणे फारच अवघड झाले आहे, आणि यादीतल्या इतर गंभीर संधिवाताच्या रुग्णांइतकीच यांनाही गरज आहे. आणि एवढे लिहून शेरा काय मारला? 'नेहमीचा रुग्ण'. नेहमीचा म्हणजे साधारण एक वर्ष थांबा.

बाईंनी त्याआधीच परदेशी जाऊन ऑपरेशन करण्याची परवानगी मागितली होती. युरोपीय संघाच्या देशांत तेव्हा यासाठी 'ई ११२' नावाचा फॉर्म असे. तो मिळाला की उपचार दुसऱ्या देशात आणि बिल आपल्या देशाच्या नावावर. नोव्हेंबरमध्ये नकार आला. कारण दिले ते नीट वाचा: सरकारने रांगेसाठी जी मुदत ठरवली आहे तिच्या आत तुमचे ऑपरेशन होणार आहे, तेव्हा 'अवाजवी विलंब' झाला असे म्हणता येत नाही.

आपण मास्तर लोक असली वाक्ये लगेच ओळखतो. अहवालात उद्दिष्ट साध्य झाले आहे, मग वर्गातल्या पोराला वाचता का येत नाही, हा प्रश्नच उरत नाही.

बाई कोर्टात गेल्या. मधल्या काळात, जानेवारी २००३ मध्ये, फ्रान्समधल्या लील शहरात एका डॉक्टरांना दाखवून आल्या. त्यांनी सांगितले, तब्येत खालावते आहे, ऑपरेशनची निकड वाढली आहे. त्यानंतर इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासले आणि शेरा बदलला. आता 'नेहमीचा रुग्ण' नाही, तर 'लवकर', म्हणजे तीन-चार महिन्यांत. फेब्रुवारीत कार्यालयाने पुन्हा नकार दिला: आता तर थांबण्याचा काळ कमी झाला की! मार्चच्या ७ तारखेला वॉट्सबाईंनी फ्रान्समधल्या अब्बव्हिल गावी खुबा बदलून घेतला आणि ३,९०० पौंड स्वतःच्या खिशातून भरले. मग पैसे परत मागितले.

इंग्लंडच्या उच्च न्यायालयात त्या हरल्या. अपिलात प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे, लक्झेंबर्गला गेला, आणि १६ मे २००६ रोजी निकाल आला. त्याचा गाभा माझ्या शब्दांत सांगतो. रांग असायला हरकत नाही. खाटा, डॉक्टर, पैसा सगळे मोजकेच असते, नियोजन करावेच लागते, आणि त्यासाठी आधी परवानगी घ्या असे म्हणायलाही हरकत नाही. पण 'रांगेतली मुदत अजून संपलेली नाही' एवढ्याच कारणाने परवानगी नाकारता येणार नाही. त्या माणसाकडे बघावे लागेल. त्याचा आजार काय, आधीचा इतिहास काय, पुढे कसा वाढेल, वेदना किती, अपंगत्व किती, हे डॉक्टरांनी वस्तुनिष्ठपणे तपासायचे. एवढा वेळ थांबणे त्या माणसाला वैद्यकीयदृष्ट्या चालण्यासारखे आहे, हे दाखवण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर. शिवाय एकदा रांगेत नंबर दिला म्हणजे काम संपले असे नाही. तब्येत बिघडली तर नंबर पुन्हा तपासायचा. नकार द्यायचाच असेल तर कारणे द्यायची, आणि त्या नकाराला आव्हान देण्याची वाट मोकळी ठेवायची.

मला यातले सगळ्यात मोलाचे वाटते ते शेवटचे. कारणे द्यायची. पैसे मिळाले की नाही हा पुढचा भाग. पण 'अमान्य' या एका शब्दाने फाईल बंद करता येणार नाही, हे एका म्हाताऱ्या बाईने एका सरकारला न्यायालयाकडून ऐकवले.

हा निकाल आभाळातून पडला नव्हता. त्याआधी १९९८ मध्ये लक्झेंबर्गच्या कोल नावाच्या गृहस्थांचा खटला झाला होता, आणि तो पालकांना नक्की आवडेल. कोल यांच्या मुलीचे दात वाकडे होते. दातांची तार शेजारच्या जर्मनीतल्या ट्रिअर गावात बसवायची होती. विमा कार्यालय म्हणाले, घाई नाही आणि आपल्या देशातही होते, तेव्हा परवानगी नाही. न्यायालयाने सांगितले, दवाखान्यात भरती न होता होणाऱ्या अशा उपचारासाठी, आपल्या देशातल्या दराने पैसे मागायचे असताना, आधी परवानगीची अट घालणे हा नागरिकाच्या सेवा घेण्याच्या स्वातंत्र्यावर अडथळा आहे. त्याच दिवशी डेकर नावाच्या दुसऱ्या गृहस्थांच्या बाजूनेही निकाल लागला. त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बेल्जियममधून चष्मा घेतला होता, एवढेच! एका चष्म्यावरून आणि एका मुलीच्या दातांवरून युरोपभरच्या आरोग्य खात्यांना आपले नियम पुन्हा वाचावे लागले. नववी-दहावीच्या मुलांना 'हक्क' शिकवताना आपण मोठमोठी उदाहरणे देतो. कधी हे चष्म्याचे देऊन पाहा, वर्ग जास्त ऐकतो.

पुढे २०१० मध्ये बल्गेरियातल्या एल्चिनोव्ह यांचा खटला आला. डोळ्याचा गंभीर आजार. तिकडे उपाय म्हणजे डोळाच काढून टाकणे. बर्लिनला डोळा वाचवणारा उपचार होता. त्यांनी मार्च २००७ मध्ये परवानगीचा अर्ज केला, पण उत्तर यायच्या आतच बर्लिनला उपचार करून घेतले. न्यायालयाने सांगितले, आधी परवानगी नव्हती म्हणून सरसकट प्रत्येक वेळी पैसे नाकारायचे, असा नियम चालणार नाही. उत्तराची वाट पाहण्यासारखी परिस्थिती नसेल तर काय करायचे माणसाने?

आणि २०१४ मधला रुमानियाचा खटला वाचताना तर मला वाटले, मी आपल्याच एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्याबद्दल वाचतोय. एलेना पेत्रू यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी भरती केले होते. त्यांचे म्हणणे असे, की दवाखान्यात वेदनाशामक गोळ्या नाहीत, स्पिरिट नाही, कापूस नाही, निर्जंतुक पट्ट्या नाहीत आणि खाटाही पुरेशा नाहीत. त्या जर्मनीला गेल्या, सुमारे १८,००० युरो खर्च आला. प्रश्न असा होता, की औषधे आणि साधे साहित्य नसणे म्हणजे 'उपचार उपलब्ध नाही' असे धरायचे का? न्यायालय म्हणाले, त्या कमतरतेमुळे देशात कुठेच वेळेत उपचार मिळणे शक्य नसेल, तर परवानगी नाकारता येणार नाही. म्हणजे कागदावर दवाखाना आहे, ऑपरेशनची सोय आहे, डॉक्टर आहेत, एवढ्याने भागत नाही. कापूस आहे का, हेही बघायचे. आपल्याकडे 'शाळेत प्रयोगशाळा आहे का' या रकान्यात 'होय' लिहिले जाते, तेव्हा आत एखादी परीक्षानळी आहे का ते कोण बघतो?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, वा, युरोपात काय सुख आहे! थांबा. आता दुसरी बाजू बघू, कारण माझे मत तिथेच थोडे वेगळे आहे.

या निकालांनंतर युरोपीय संघाने २०११ मध्ये एक निर्देश काढला, आणि सगळ्या सदस्य देशांनी तो ऑक्टोबर २०१३ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा होता. त्यानुसार दुसऱ्या सदस्य देशात, अगदी खाजगी दवाखान्यातही, उपचार घेता येतो. आपल्या देशात त्याला जेवढा खर्च आला असता तेवढ्यापर्यंत पैसे परत मिळतात. वरचा फरक तुमचा तुम्ही भरायचा. पण मेख पुढे आहे. पैसे आधी तुम्ही भरायचे, परतफेड मागाहून.

आयर्लंडमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सरकारी रांगा फार लांब झाल्या होत्या. २०१७ च्या अखेरीस कॉर्क आणि केरी या दक्षिणेकडच्या भागातल्या दोन खासदारांनी, मायकेल कॉलिन्स आणि डॅनी हिली-रे यांनी, बसगाड्या काढायला सुरुवात केली. (हे कॉलिन्स म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातले नव्हेत, नाव तेवढे सारखे.) म्हातारी माणसे बसमध्ये बसायची, चारशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून सरहद्दीपलीकडे बेलफास्टला जायची. तिथे खाजगी दवाखान्यात मोतीबिंदू काढून घ्यायचा आणि परत यायचे. मग आयर्लंडच्या आरोग्य खात्याकडे बिल पाठवायचे. लोक या बसला म्हणायचे 'बेलफास्ट नाहीतर आंधळेपण'. एखाद्या देशातल्या माणसांना दिसावे म्हणून बसने दुसऱ्या राज्यकारभारात जावे लागते, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. आणि आधी भरायचे पैसे? ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी तिथल्या पतसंस्थांकडून कर्ज काढले.

पतसंस्थेचे कर्ज! आपल्याला हे वेगळे सांगायला नको. वैद्यकीय खर्चासाठी शिक्षकांच्या पतपेढीत तातडीच्या कर्जाचा अर्ज किती जणांनी केलाय, स्वतःच आठवा.

म्हणून मी म्हणतो, 'आधी भरा, मग मागा' हा हक्क अर्धाच आहे. वॉट्सबाईंकडे ३,९०० पौंड होते म्हणून निदान खटला उभा राहिला. त्यांच्याच यादीत, त्यांच्याइतक्याच वेदना सोसणारे दुसरे कुणी होते. डॉक्टरांनीच तसे लिहिले होते. त्यांच्याकडे ३,९०० पौंड नसतील तर त्यांच्या नावाचा निकाल कधीच लागणार नव्हता. परतफेडीची योजना कितीही चांगली असली, तरी तिचा पहिला हप्ता रुग्णाच्या खिशातून जातो, आणि तिथेच निम्मे लोक गळतात.

त्या मानाने जुना 'ई ११२' फॉर्म बरा होता. आता त्याच्या जागी 'एस २' आला आहे. त्यात परवानगी आधी मिळवावीच लागते आणि उपचार सरकारी व्यवस्थेतच घ्यावे लागतात, पण मोठे बिल दोन देश आपसात मिटवतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२० च्या अखेरीनंतर, निर्देशाची वाट तिथल्या बहुतेकांना बंद झाली. 'एस २' मात्र करारामुळे चालू राहिला. आयर्लंडच्या लोकांना बेलफास्टला जाता यावे म्हणून तिथल्या सरकारला वेगळी योजना काढावी लागली. तीही परतफेडीचीच.

दुसरा आक्षेप ब्रिटिश सरकारने वॉट्सबाईंच्या खटल्यातच घेतला होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. त्यांचे म्हणणे असे, की ज्याला परदेशी जाणे जमते तो रांग मोडतो. त्याच्यासाठी बाहेर गेलेला पैसा मागे थांबलेल्यांच्या उपचारातून कमी होतो. मग ज्याची गरज जास्त तो मागे आणि ज्याची धडपड जास्त तो पुढे, असे होईल. यावर विचार करताना मला आपल्या जादा तासांची आठवण येते. चार मुलांचे पालक येऊन भांडतात, म्हणून त्या चौघांकडे लक्ष दिले जाते. ज्याचे वडील ऊसतोडीला गेलेत त्याच्यासाठी भांडायला कुणी येत नाही. म्हणून भांडणाऱ्या पालकांचे तोंड बंद करायचे का? मला तसे वाटत नाही. त्यांच्या भांडणातून नियम बदलला आणि तो सगळ्यांना लागू झाला, तर भांडण कामी आले. वॉट्सबाईंच्या निकालातही 'परदेशी जाणाऱ्यांना पैसे द्या' एवढेच नाही; रुग्णाची अवस्था पाहून मुदत ठरवा आणि ती पुन्हा तपासा, असेही आहे. आणि तपासणीची ही पद्धत लागली, की घरी थांबलेल्यालाही तिचा उपयोग होतो. पण ती लागली तरच, हे मी मान्य करतो.

आता आपल्याकडे येऊ. परदेशातल्या उपचाराचे पैसे परत मागणारा एक खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयातही झाला आहे, आणि तो वॉट्सबाईंच्या दहा वर्षे आधीचा आहे. सुरजित सिंग हे पंजाब पोलिसांत उपअधीक्षक होते. ते रजा घेऊन इंग्लंडला मुलाकडे गेले. तिथे हृदयविकाराचा त्रास झाला. आधी बर्मिंगहॅमच्या दवाखान्यात आणि नंतर लंडनला बायपास ऑपरेशन झाले. परत आल्यावर त्यांनी खर्च मागितला. लंडनचा पूर्ण खर्च मिळणार नाही हे उघड होते. वाद शेवटी एवढाच राहिला, की दिल्लीच्या 'एम्स'च्या दराने द्यायचे की सरकारच्याच यादीत असलेल्या 'एस्कॉर्ट्स' या खाजगी दवाखान्याच्या दराने. सरकार म्हणे, एम्सच्या दराने. ३१ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने एस्कॉर्ट्सचा दर मान्य केला.

त्या निकालातही रांग आहे बरं का! न्यायालय म्हणाले, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी पावले उचलण्याचा हक्क या माणसाला होता. वैद्यकीय मंडळापुढे किंवा एम्सच्या दारात रांगेत उभे राहण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. मंडळाच्या बैठकाच मुळात सहजी होत नाहीत, असा टोलाही मारला. जीव राखण्याचा हक्क आपल्या परंपरेतही आहे हे दाखवण्यासाठी न्यायमूर्ती पुंछी यांनी गरुडपुराणाच्या सोळाव्या अध्यायाचा आधार घेतला. आपल्याकडे घरात कुणी गेले की गरुडपुराण काढतात. इथे ते जिवंत माणसाचे बिल मंजूर करण्यासाठी निघाले, याची मला फार गंमत वाटते.

त्याच वर्षी, मे १९९६ मध्ये, आणखी एक निकाल लागला. पश्चिम बंगालमधले शेतमजूर हकीम शेख १९९२ मध्ये चालत्या गाडीतून पडले. डोक्याला आणि मेंदूला मार. एकामागून एक सरकारी दवाखाने फिरले. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. अखेर खाजगी दवाखान्यात भरती झाले आणि सुमारे १७,००० रुपये खर्च आला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली आणि सांगितले, की वेळेवर उपचार न मिळणे म्हणजे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैशाची अडचण हे सरकारला त्यातून सुटायचे कारण होऊ शकत नाही. सुरजित सिंग यांचा मुलगा इंग्लंडला होता. हकीम शेख यांच्या पाठीशी शेतमजुरांची संघटना होती. ज्याच्या मागे मुलगाही नाही आणि संघटनाही नाही, त्याचा निकाल मला कुठे वाचायला मिळालेला नाही.

आता आपली फाईल. महाराष्ट्रात वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचे नियम १९६१ पासून आहेत, आणि खाजगी दवाखान्यातल्या उपचारासाठी मार्च २००५ चा शासन निर्णय आपण सगळे वापरतो. त्यात आकस्मिक आजार आणि गंभीर आजार अशी यादीच आहे. तुमचा आजार यादीत बसला पाहिजे. मग नमुन्यातली प्रमाणपत्रे, डॉक्टरांची सही-शिक्का, मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड, मुख्याध्यापकांचे पत्र, जिल्हा शल्यचिकित्सकांची पडताळणी. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा प्रस्ताव तीनदा परत आला. पहिल्यांदा एका बिलावर शिक्का नव्हता. दुसऱ्यांदा नाव आणि आडनावाचा क्रम आधारप्रमाणे नव्हता. तिसऱ्यांदा नुसतेच 'त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावा', कोणती त्रुटी ते लिहिलेलेच नाही. दोन वर्षे गेली. त्या बाई पतपेढीचे व्याज भरतच होत्या.

कार्यालयातल्या माणसांवर सगळे ढकलून मला मोकळे व्हायचे नाही. खोटी बिले येतात, हे आपल्यालाही माहीत आहे, आणि तपासणी हवीच. पण शिवकांत झा या निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्यांच्या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते लक्षात ठेवा: उपचार खरोखर झाला का आणि त्याच्या नोंदी डॉक्टर-दवाखान्याने प्रमाणित केल्या आहेत का, हे तपासा, ते खरे असेल तर केवळ दवाखान्याचे नाव सरकारी यादीत नाही म्हणून मागणी नाकारू नका. आपले मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, लिपिक बांधव हा लेख वाचत असतील तर त्यांना माझी एकच विनंती आहे. फाईल परत करताना त्रुटी कोणती, कोणत्या पानावर आणि कोणत्या नियमाने, ते लिहा. सगळ्या त्रुटी एकदाच लिहा. यासाठी शासन निर्णय लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

कॅशलेस योजनेची मागणी आपल्या संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. काहींना ती लाडावलेल्या नोकरदारांची मागणी वाटते. आयर्लंडच्या बसमधल्या आजी-आजोबांकडे बघा आणि मग सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शेतकरी कुटुंबाला जे तत्त्व लागू केले, की पैसे दवाखान्याला थेट मिळावेत आणि रुग्णाने आधी खिसा रिकामा करू नये, तेच तत्त्व शिक्षकालाही हवे, परिचराला हवे आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंना तर सगळ्यात आधी हवे. त्या ताईंना प्रतिपूर्तीचा प्रस्तावसुद्धा करता येत नाही, कारण त्या मानधनावर आहेत.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्यापैकी अनेक निवृत्त शिक्षकांची मुले लंडन, लीड्स, डब्लिन अशा गावी आहेत, आणि आई-वडील सहा महिने तिकडे जाऊन राहतात. एनएचएस मोफत आहे म्हणून निर्धास्त जाऊ नका. ती तिथल्या रहिवाशांना मोफत आहे. पाहुण्याला अपघात विभागात तपासणे मोफत असले, तरी दवाखान्यात भरती केले की बिल लागते, आणि आपल्यासारख्या देशांतल्या पाहुण्यांना ते ठरलेल्या दराच्या दीडपट असते. प्रवास विमा घ्या, आणि घेताना मधुमेह, रक्तदाब, आधीची अँजिओप्लास्टी यांतले काहीही लपवू नका. तिकडे उपचार घ्यावा लागलाच, तर दाखल झाल्याची तारीख, तातडी होती असे डॉक्टरांचे पत्र, तपशीलवार बिल आणि पैसे भरल्याची पावती या चार गोष्टी मूळ प्रतीत घेऊनच विमानात बसा. परत आल्यावर ई-मेलवर मागवू म्हटले तर तिथल्या दवाखान्याच्या कार्यालयातही रांग असतेच.